रोज पेशी मारणारे आमचे सर

दुसऱ्याच्या मरणाची बातमी सांगताना ज्याचा चेहरा खुलतो असा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो माझ्याच घराच्या माडीवर भाड्यानं राहतो. सकाळी कॉलेजात जाऊन, काय बघायचं ते बघून सर परत आले आणि फाटकातूनच "मावशी, मेल्या सगळ्या" म्हणाले, की समजावं आज हा माणूस पोटभर जेवणार. शेजारची नवी सून पहिल्यांदा हे ऐकून धुण्याचा पिळा तसाच टाकून धावत आली. "कोण गेलं वो आजी?" मी म्हटलं, "कोण न्हाय. सरांच्या पेशी मेल्या." तिला काही उमगलं नाही, पण तिनं पदर डोक्यावर घेतला आणि सरांसमोर मान खाली घालून उभी राहिली. सरांनी खिशातून पेढा काढून तिच्या हातावर ठेवला. त्या दिवसापासून ती आमच्या माडीकडं बघत नाही.

पेढ्याचे असे दिवस मात्र फार थोडे. सर औषधांच्या कॉलेजात शिकवतात, ते पोटासाठी. जिवासाठी त्यांचा दुसराच उद्योग आहे. बांधावरची, ओढ्याकाठची झाडंझुडपं उपटून आणायची, सावलीत वाळवायची, मिक्सरला दळायची, स्पिरिटात भिजत घालायची, गाळायची, आटवायची, आणि तळाला जो काळा डिंकासारखा अर्क राहील तो कॅन्सरच्या पेशींवर घालून बघायचा. या पेशी डोळ्यांना दिसत नाहीत. त्या एका ताटलीत वाढवलेल्या असतात, आणि अर्क घालून झाला की शेवटी त्यात एक पिवळा रंग सोडतात. पेशी जिवंत असली की रंग जांभळा होतो, मेली असली की पिवळाच राहतो. मी चौथीपर्यंत शिकले, पण हे मला तोंडपाठ आहे, कारण जेवताना सर दुसरं काही बोलतच नाहीत. आणि वर्षातले बहुतेक दिवस ते पायरीवर बसून बूट काढता काढता एवढंच म्हणतात, "जांभळं, मावशी." म्हणजे सगळ्या जिवंत. म्हणजे गेले दोन महिने उपटलेलं, वाळवलेलं, दळलेलं सगळं फुकट.

असं झाल्यामुळं जांभळा रंग आमच्या घरातून हद्दपार झाला. वांग्याचं भरीत केलं तर सर खातात, पण आधी साल कुठं राहिलंय का ते बघतात. पावसाळ्यात कुणी टोपलीभर जांभळं आणून दिली तर ती त्यांच्या नजरेआड ठेवावी लागतात. एकदा गच्चीवर पाला वाळवायला मी माझं जुनं लुगडं दिलं, तर ते घडी करून परत घेऊन आले. "मावशी, दुसरं द्या. या रंगावर पाला टाकायला मन होत नाही." शास्त्र शिकलेला माणूस. मी हिरवं दिलं.

बरं, ज्या पेशी मारायच्या त्यांची सरबराई जावयाच्या वर. त्यांना माणसाच्या अंगाइतकी ऊब लागते. दर दोन-तीन दिवसांनी जुनं पाणी काढून नवं गुलाबी सरबतासारखं खाद्य घालावं लागतं, आणि ते घालताना तोंडाला फडकं, हाताला मोजे, वर पुन्हा स्पिरिटानं पुसणं. पोळा, दसरा, कुठलाही सण असो, पुरणपोळी ताटात टाकून हा माणूस पेशींना जेवायला घालायला जाणार. मी एकदा विचारलं, "लगीन का केलं न्हाय?" म्हणाले, "कोण करणार मावशी? सुट्टीच्या दिवशीसुद्धा यांना उपाशी ठेवता येत नाही." मी म्हटलं, "मारायच्याच हायत नव्हं? मग ठिवा उपाशी." सरांना ते लागलं. हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "उपाशी ठेवून मारल्या तर त्या औषधानं मेल्या का उपासानं, हे मला कळायचं कसं?" हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं होतं. पुढं ते फार वेळा आठवलं.

दुपारची लाईट गेली की सारी गल्ली पंखा बंद पडला म्हणून दारात येऊन बसते, आणि आमचे सर कॉलेजकडं पळतात, तिथला जनरेटर चालू झाला का बघायला. पळताना एका पायात त्यांची चप्पल आणि एका पायात माझी, हे मी दोनदा पाहिलंय. परत आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आलेल्या बापाच्या तोंडावर असतं तसं. "वाचल्या, मावशी. ऊब कमी झाली नव्हती." तीन दिवसांनी त्याच मारायच्या असतात.

त्यांच्या गाडीवर मागं बसणं म्हणजे जिवावरचा खेळ. ते रस्ता बघत नाहीत, रस्त्याची कड बघतात. एमआयडीसी सुटायच्या वेळेला मोटारसायकलींचा लोंढा चाललेला, आणि त्यात सरांनी कचकन ब्रेक मारला. मागून शिव्यांचा पाऊस. एकजण म्हणाला, "काका, जनावर आडवं आलं का?" सर म्हणाले, "नाही हो, भुईरिंगणीचं झुडूप आहे." भिगवणला लोक मासळी आणायला जातात. हे धरणाच्या पाण्यात गुडघाभर उतरून पिशवीभर शेवाळ घेऊन आले. मी चिलापीच्या आशेनं मसाला वाटून बसले होते. पिशवी उघडली आणि बघत राहिले. तो मसाला मी बटाट्याला घातला.

लोकांना वाटतं हा झाडपाल्याचा मोठा वैद्य. नावामागं डॉक्टर लावतात, म्हणजे औषध देतच असणार. सांगवीचे एक म्हातारे आबा गुडघे धरून आमच्या पायऱ्या चढून आले. सर म्हणाले, "आबा, मी तसला डॉक्टर नाही." आबा म्हणाले, "मग कसला?" "मी फक्त बघतो." "काय बघता?" "मेलं का नाही ते." आबा जिना उतरताना मला म्हणाले, "ह्यो तर तलाठ्याचं काम करतोय." कुणी कितीही गळ घातली तरी सरांनी आजवर एक थेंब कुणाला दिला नाही. म्हणायचे, ताटलीत काय, मिठाचं पाणी ओतलं तरी पेशी मरतात, चुलीतली राख टाकली तरी मरतात. औषध तेच, जे वाईट मारतं आणि चांगलं राखतं. तेवढं कळेपर्यंत एक पिढी जाते, आणि बहुतेक वेळा कळतं ते एवढंच की हे औषध नव्हे.

हे सगळं मी हसत सांगू शकते. पुढचं तसं नाही.

माझी धाकटी बहीण बेबी इंदापूर तालुक्यात दिलेली. नातवंडं झाली तरी ती बेबीच. तिचे मालक तात्या, डाळिंबवाले. अबोल माणूस. झाडाला पाणी पोचलं का हे दिवसातून चारदा बघणार, बायको जेवली का हे जन्मात विचारलं नाही. बेबीला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात शेक दिले, सलाईनमधून औषधं दिली, केस गेले, केस परत आले, आणि केसांपाठोपाठ आजारही परत आला. तिथली डॉक्टरीणबाई भली बाई होती. तिनं फिरवून सांगितलं नाही. म्हणाली, घरी न्या, दुखू नये एवढं आम्ही बघू.

मी बेबीला बघायला निघाले तेव्हा सर म्हणाले, मी सोडतो. आजारी माणसाशी काय बोलायचं हे त्यांना बापजन्मी कळलेलं नाही. खाटेजवळ बसले आणि आपल्या पेशींची गोष्ट सांगायला लागले. मी मागून चिमटा काढला. त्यांना वाटलं डास. बेबी मात्र उशीवरून कान देऊन ऐकत होती. "त्या पेशी येत्यात कुठनं?" तिनं विचारलं.

"एका बाईच्या आहेत, बेबीताई. तुमच्यासारखीच गाठ होती तिला. ती जाऊन फार वर्षं झाली. पेशी अजून वाढताहेत."

"म्हंजी बाई गेली, आन तिचा आजार अजून जेवतोय?"

"हो," सर म्हणाले. "मीच जेवायला घालतो."

बेबी हसली. आजार उलटल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मला म्हणाली, "आक्का, ह्या मानसाला पुन्हा आन."

निघताना सवयीप्रमाणं सरांनी बागेच्या बांधावरची एकदांडी उपटली. एकदांडी म्हणजे आपलं नेहमीचं तण, लांब दांडीवर एकच पिवळं फूल येतं ते. लहानपणी गुडघा फुटला की आम्ही त्याचाच पाला चोळून लावायचो. तात्या बघत उभे होते. म्हणाले, "सर, हे तर आमी खुरपून फेकून देतो."

"असू द्या," सर म्हणाले. "फेकून दिलेलंच बघायचं असतं."

महिन्याभरानं तात्यांचा फोन आला. तात्यांचा फोन कधी येत नाही, म्हणून मी घाबरून उचलला. त्यांना सर हवे होते. "काय म्हनली आमची एकदांडी?" सरांना खोटं बोलता येत नाही. म्हणाले, "थोड्या मेल्या, तात्या. थोड्याच. याला काही अर्थ नसतो. आणखी पाला घेऊन परत बघावं लागेल." यातलं तात्यांनी दोनच शब्द घेतले. थोड्या, आणि आणखी.

नंतर पाला आणायला सर गेले तेव्हा मी बेबीपाशी बसले होते. ते बांधावरून परत आले ते पाल्याचं ओझं छातीशी धरून. अशी एकदांडी मी आयुष्यात पाहिली नव्हती. मेथीच्या जुडीसारखी दाट, पानं हाताएवढी, हिरवीकच्च. सर म्हणाले, "काय जमीन आहे तात्या तुमची." तात्या नुसते मिशीत हसले. नवऱ्याकडं बघून बेबी म्हणाली, "आज लई खुशीत हाय गडी."

त्या पाल्याचा अर्क घातला आणि सगळ्या मेल्या.

त्या दिवशी मात्र सर फाटकातून काही म्हणाले नाहीत. पायरीवर बसले. बूट काढले नाहीत. मी विचारलं, "जांभळं?" ते म्हणाले, "पिवळं. एकूण एक. मी परत करून बघितलं, तरी पिवळं." मग म्हणाले, "मावशी, कुणाला बोलू नका. अजून निरोगी माणसाच्या चांगल्या पेशींवर बघायचंय. त्या माझ्याकडं नाहीत, मागवाव्या लागतील." जेवले नाहीत. इतकी वर्षं या माणसाची धडपड बघून मी मनात म्हटलं होतं, याच्या हातून काही व्हायचं नाही. त्या दिवशी मी देवापुढं दिवा लावला. सरांसाठी नव्हे, बेबीसाठी.

तात्यांचा फोन आला, आणि सरांना खोटं बोलता येत नाही. "सगळ्या मेल्या तात्या, पण," एवढं ते म्हणाले. 'पण'च्या पुढचं तात्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते स्टीलचा डबा घेऊन माझ्या दारात हजर.

"सर, ह्यात द्या थोडं."

"काय द्या?"

"ते काळं. न्हायतर सांगा, मी घरी रस काढून पाजतो. पाला माझ्याच बांधावरचा हाय."

"तात्या, नाही. चांगल्या पेशींवर बघितल्याशिवाय नाही. थोडे दिवस थांबा."

"दिवस कुनाकडं हायत?" तात्यांचा आवाज चढला. मी त्यांना चढलेल्या आवाजात बोलताना तेव्हाच ऐकलं. "मेलेल्या बाईच्या आजाराला औषध पाजता, आन जित्या बाईला न्हाय म्हनता?"

सर उभे होते ते खाली बसले. त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. हाच माणूस एरवी माझ्या मांजराला दारातून हाकलू शकत नाही. तात्या म्हणाले, "आक्का, तुमी सांगा ह्यांला." मी म्हटलं, "मला त्यातलं कळत न्हाय. बेबीला इचारा. प्यायचं तिला हाय." फोन लावला. बेबीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर व्हय म्हनले की पिते. तवर न्हाय. भिगवणला जाऊन शेवाळ आननारा मानूस, त्यो कशाला खोटं बोलंल?"

तात्यांनी डबा उचलला. चहा न घेता गेले.

चांगल्या पेशी आल्या, त्यांच्यावर अर्क घातला, आणि त्याही सगळ्या मेल्या. सरांनी मला ते सांगितलं तेव्हा पिवळा रंग आमच्या घरात पहिल्यांदाच वाईट ठरला. वाईट मारतं आणि चांगलं राखतं ते औषध. हे सगळंच मारत होतं. "मावशी, एवढं जहर एकदांडीत नसतं," सर म्हणाले. "लहान मुलं जखमेला लावतात ती." मग गाडीला किल्ली लावून म्हणाले, "चला."

सर तडक तात्यांच्या बांधावर गेले, मी त्यांच्या मागं. डाळिंबाच्या ओळीतली ठिबकची नळी तात्यांनी फिरवून बांधावर आणली होती. बांधाच्या कडेनं एकदांडीला शेणखत घातलं होतं. पानांवर पांढुरके डाग वाळले होते. आणि पाठीवर पंप घेतलेले तात्या, तोंडाला फडकंसुद्धा न बांधता, त्या तणावर सावकाश फवारा मारत होते. प्रत्येक पानाला वरून, मग वाकून खालून.

"तात्या," सर म्हणाले, "हे काय?"

"तेल्या येऊ ने म्हनून."

तेल्या हा डाळिंबाचा रोग. फळावर तेलकट काळे डाग पडतात, फळ तडकतं, बाग बसते. आमच्याकडं डाळिंबवाला घरच्या माणसाच्या तापाला भीत नाही इतका तेल्याला भितो.

"एकदांडीला तेल्या?"

"डाळिंबाला येतो, हिला का यायचा न्हाय? किडीचं बी मारलंय. पैल्यापासनं करतोय. तुमी आनखी पाला लागंल म्हनला त्या दिसापासनं." तात्यांनी नळी बंद केली. "सर, औषध हाय ते. लेकरागत सांभाळलंय."

यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. झाड वाढवायचं म्हटल्यावर पाणी, खत आणि फवारा. दुसरी रीत त्यांना ठाऊक नाही, आमच्या भागात कुणालाच ठाऊक नाही. सर बांधावरच बसले, त्या ओल्या तणात. तात्यांनी विचारलं, "बरं वाटत न्हाय का?" सर म्हणाले, "ऊन लागलं."

पण सर ते सरच. डोळ्यांनी दिसलं तरी त्यांना ताटलीत दिसावं लागतं. त्यांनी तिथला पाला घेतला, बेबीच्या घरामागच्या परड्यात आपोआप उगवलेला बिनफवाऱ्याचा घेतला, आणि दोन्हींचे अर्क करून बघितले. बांधावरच्यानं सगळ्या मेल्या. परड्यातल्यानं एकही नाही. "जांभळं, मावशी," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की हे आपण आधी ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

"तात्याला सांगू नगा," मी म्हटलं. "प्रयोग फसला म्हना आन सोडा."

"ते पाजतील, मावशी. रस काढून पाजतील."

ते खरं होतं. म्हणून आम्ही परत गेलो. बेबी आता उठून बसत नव्हती. तिची खाट ओसरीवर आणली होती, तात्या उंबऱ्यावर बसले होते. सरांनी दोन्ही हात मांडीवर ठेवून, तोंडी परीक्षा द्यावी तसं सांगितलं. एकदांडीत काही नाही. पाल्यावर दुसरं काही होतं, त्यानं पेशी मेल्या. पाला मी नीट बघून घ्यायला हवा होता, चूक माझी. तात्यांना कळलं नाही. ते म्हणाले, "दुसरं काय व्हतं?" मी वाशाकडं बघत राहिले.

बेबी शेतकऱ्याची बायको. तिला वेळ लागला नाही. उशीवरून मान वळवून तिनं नवऱ्याकडं बघितलं. "अवो, तुमी एकदांडीला फवारा मारला व्हय?"

तात्यांच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली ती मी बघितली.

आणि बेबी हसायला लागली. हसताना तिला कळ येत होती, पोट धरत होती, तरी थांबेना. "एवढ्या वरसांत माझ्या डोक्यावर कधी छत्री धरली न्हाय ह्या गड्यानं," ती मला म्हणाली, "आन बांधावरच्या तनाला ठिबक केली. आक्का, बगितलं का? तनाला ठिबक." मग सरांना म्हणाली, "न्हाय म्हनला ते बरं केलं. पिले असते तर ह्यांच्याच हातनं गेले असते. मग ह्यांचं कुनी बगितलं असतं?" तात्या उठून बागेकडं निघाले. तिनं हाक मारली. "रडायचं आसंल तर हितंच रडा. तिकडं औषधाचा पंप हाय."

उन्हाळा लागायच्या आत बेबी गेली. पेशींना विचारून काही झालं नाही, शेकांनी झालं नाही, माझ्या दिव्यानं झालं नाही. ज्या बाईच्या पेशी सर वाढवतात तिचा आजार अजून जेवतो आहे. मला लोक म्हणतात, देवाची इच्छा. मला तसं वाटत नाही.

तात्यांनी त्यानंतर एक केलं. बांधाला लागून असलेल्या डाळिंबाच्या ओळींवर फवारणी बंद केली. औषध उडून बांधावर जाऊ नये म्हणून. सरांनी सुरुवातीला 'थोड्या मेल्या' म्हटलं होतं, आणि तेव्हा तात्यांनी एकदांडीला काहीच मारलं नव्हतं, हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं आहे. त्या थोड्या तरी खऱ्याच मेल्या असणार. त्या ओळींना तेल्या लागला. फळं काळी पडून तडकली, लाल दाणे उघडे पडले, माशा बसल्या. गावात म्हणतात, बायको गेली आणि ह्याचं डोकं फिरलं. तात्या ऐकून घेतात. एकदांडी खुरपू देत नाहीत.

सर अधूनमधून जातात, पाला आणतात, अर्क करतात. मी विचारलं तेव्हा त्यांनी मला सांगितलं. त्या पहिल्या थोड्याही डाळिंबावरून वाऱ्यानं उडून आलेल्या फवाऱ्यानंच मेल्या असणार. आता बांध स्वच्छ आहे आणि दरवेळी जांभळं येतं. शुद्ध जांभळं. तात्यांचा फोन येतो, "काय म्हनतीय?" आणि सर म्हणतात, "बघतोय अजून, तात्या." मी एकदा म्हटलं, "तुमाला खोटं बोलता येत नव्हतं." तर म्हणाले, "खोटं कुठं, मावशी? बघतोयच की."

मागच्या खेपेला तात्यांनी पाला बेबीच्या लुगड्यात बांधून दिला. तिचं नेहमीचं, जांभळं. मी म्हटलं, थांबा, दुसरं देते. सर म्हणाले, राहू द्या, आणि गच्चीवर टाकीच्या आडोशाला तेच अंथरून त्यावर पाला पसरला. दिवस चढला की सावली सरकते. मग सर वर जातात आणि लुगड्याची दोन टोकं धरून सगळं हळूच सावलीत ओढून घेतात. उन्हानं पाल्यातलं काही जाऊ नये म्हणून, का लुगड्याचा रंग उडू नये म्हणून, ते मी विचारलेलं नाही.